साडेपाच, साडेसहा, पावणेसात की आठ फूट? कॅम्परसाठी पिकअप ट्रकचा बेड निवडताना

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉईटच्या उत्तरेला, आणि कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, त्यासाठी पिकअप ट्रक घ्यायचा ठरल्यावर त्याचा बेड, म्हणजे मागचा उघडा हौदा, किती लांबीचा घ्यायचा यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी हे घर घेतानाही झाली नव्हती. इथे आता बरीच मराठी मंडळी टेंट सोडून कॅम्परकडे वळायला लागलीत, मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या लाइनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, "अरे साडेपाच फुटी बेड चालतो का रे कॅम्परला?" आणि उभ्या उभ्या दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, कारण ते कॅम्पर कुठल्या प्रकारचा आहे, गाडीत माणसं किती बसणार आहेत आणि ट्रक बाकीचे दिवस कुठे उभा राहणार आहे या तीन गोष्टींवर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमची गरज अशी होती की आई-बाबा दर उन्हाळ्यात पुण्याहून येतात, चार-पाच महिने राहतात, आणि त्यांना घेऊन फिरायचं तर टेंट शक्य नाही. बाबा एकवेळ झोपतील जमिनीवर, पण आईला रात्री उठून टॉर्च घेऊन लांबच्या बाथरूमला जायला लावणं मला पटत नाही. म्हणजे आतच बाथरूम असलेला कॅम्पर हवा, आणि ओढणाऱ्या गाडीत मी, बायको, लेक आणि ते दोघं अशी पाच माणसं नीट बसायला हवीत. सात-आठ तासांचा प्रवास असतो इथला, मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसवायचं नव्हतं कोणाला. म्हणजे कॅब मोठी, चार पूर्ण दारांची, जिला क्रू कॅब म्हणतात ती.

आणि कॅब मोठी घेतली की बेडची लांबी आपोआप आवळली जाते. हाफ-टन म्हणतात त्या हलक्या वर्गातल्या ट्रकमध्ये, म्हणजे फोर्डचा एफ-१५०, रॅम १५००, शेवरलेची सिल्व्हराडो १५०० वगैरे, मोठ्या कॅबबरोबर तुम्हाला दोनच पर्याय मिळतात. एफ-१५० ला साडेपाच किंवा साडेसहा फूट, रॅमला ५ फूट ७ इंच किंवा ६ फूट ४ इंच, सिल्व्हराडोला ५ फूट ८ इंच किंवा ६ फूट ६ इंच. आठ फुटी बेड मिळतो पण लहान कॅबबरोबर, तो मुख्यतः कामाचा ट्रक. त्यातही डीलरच्या लॉटवर बघाल तर क्रू कॅबचे बहुतेक सगळे साडेपाचवालेच उभे असतात, साडेसहावाला शोधावा लागतो नाहीतर ऑर्डर द्यावी लागते.

तर सुरुवात आम्ही साडेपाच की साडेसहा इथूनच केली. एफ-१५० मध्ये या दोघांत फक्त बेड वाढत नाही, व्हीलबेसपण, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, वाढतो, १४५ इंचाचा १५७ होतो, आणि पूर्ण लांबी २३२ इंचावरून २४३-२४४ वर जाते. मी गॅरेज मोजलं, आतून २४६ इंच. म्हणजे साडेसहावाला बसतो पण पुढे भिंत आणि मागे दार यांच्यामध्ये मिळून दोन-अडीच इंच, समोरचं फावडं आणि स्नो ब्लोअर कुठे ठेवायचा हा प्रश्नच. इकडच्या हिवाळ्यात, रस्त्यावर मीठ टाकतात त्या दिवसांत गाडी गॅरेजमध्ये असणं ही चैन नाहीये, त्यामुळे बायकोचं मत सरळ साडेपाचकडे होतं. माझं साडेसहाकडे होतं, कारण कॅम्पर ओढताना व्हीलबेस जितका लांब तितका ट्रक बाजूच्या वाऱ्याला कमी हलतो. एक जुना ठोकताळा आहे इथल्या लोकांचा, २० फुटांच्या ट्रेलरला ११० इंच व्हीलबेस आणि पुढच्या प्रत्येक फुटाला ४ इंच वाढवायचे. शास्त्र वगैरे नाही त्यात फार, पण अंदाज येतो. आम्ही बघत होतो तो कॅम्पर २९ फुटांचा, म्हणजे १४६ इंच, साडेपाचवाला बरोब्बर काठावर.

यावर आम्ही किती तरी दिवस घासाघीस करत होतो, आणि मग एका लॉटवर बाबांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचायला घेतला. बाबांबद्दल सांगायला पाहिजे, ते एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते, आयुष्य बसच्या बॉडी आणि चासीमध्ये गेलं, त्यामुळे कुठल्याही गाडीजवळ गेले की ते आधी वजनाची पाटी शोधतात. सेल्समन सांगत होता ११ हजार पाउंड ओढतो हा ट्रक, आणि बाबा मला मराठीत विचारतायत, "अरे ओढतो ते ठीक आहे, पण उचलतो किती? इथे तर पंधराशे साठ लिहिलंय."

तिथून सगळा विचार बदलला. ब्रोशरमधला टोइंगचा, म्हणजे ओढायच्या वजनाचा, आकडा ज्या पद्धतीने काढतात, एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पाउंड, एवढीच माणसं धरलेली असतात आणि हिचवर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के भार. आमच्यासारख्या पाच माणसांच्या कुटुंबाला तो आकडा लागूच होत नाही. लागू होतो तो हा पिवळा स्टिकर, ज्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडच्या वर जाता कामा नये. आणि कॅम्परचा जो भार हिचवर येतो तो सामानातच धरायचा. हा आकडा मॉडेलचा नसतो, त्या एका विशिष्ट गाडीचा असतो, सनरूफ असेल, मोठी चाकं असतील तर तेवढा कमी होतो, म्हणून वेबसाइटवर बघून उपयोग नाही, प्रत्येक ट्रकचं दार उघडून वाचायचा.

घरी येऊन डायनिंग टेबलवर हिशेब मांडला. पाच जणांचं वजन ७०५ पाउंड. कॅम्पर भरल्यावर साधारण ७,२०० पाउंड धरला, मागे ओढायच्या कॅम्परचा १० ते १५ टक्के भार हिचवर यायला लागतो, त्याहून कमी असेल तर ट्रेलर डोलायला लागतो, म्हणून १३ टक्के धरले तर ९३६. वजन पुढच्या चाकांवर विभागणारं हिच, वेट डिस्ट्रिब्युशन म्हणतात ते, त्याचं स्वतःचं वजन ९० च्या आसपास. बेडमध्ये जनरेटर, सायकली, पाइप, खुर्च्या वगैरे २००. एकूण १,९३१. आणि ट्रकचा स्टिकर १,५६०. दोन्हीही बेडच्या लांबीत हाच प्रकार, उलट साडेसहावाला ट्रक स्वतःच जड असतो म्हणून बाकी सगळं सारखं असेल तर त्याला थोडं कमीच उचलता येतं. म्हणजे ज्याच्यावर आम्ही वाद घालत होतो ते दोन्ही पर्याय पाच माणसांसाठी बादच होते. तीन माणसांचं कुटुंब असतं, कॅम्पर २२-२३ फुटी हलका असता तर साडेपाच फुटी हाफ-टन आरामात चालला असता, आमच्या ओळखीत एक जण असाच वापरतोय आणि खूश आहे. पण कोणाला विचारताना आधी त्यांच्या गाडीत माणसं किती हे विचारा एवढंच म्हणेन.

मग त्याच्या वरच्या वर्गाकडे, थ्री-क्वार्टर-टन ट्रककडे गेलो, म्हणजे एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हराडो २५००. यात साडेपाच फुटी बेड हा प्रकारच नसतो. फोर्डमध्ये शॉर्ट बेड म्हणजे पावणेसात फूट, नीट सांगायचं तर आतून ८२ इंच, आणि लाँग बेड ८ फूट, ९८ इंच. शेवरलेचंही साधारण तसंच, रॅममध्ये शॉर्ट बेड ६ फूट ४ इंच. म्हणजे एकाच्या शॉर्टमध्ये आणि दुसऱ्याच्या शॉर्टमध्ये पाच-सहा इंचाचा फरक असतो, तेव्हा शॉर्ट-लाँग या नावांवर जाऊ नका, टेप घेऊन जा.

डिझेल का पेट्रोल हा विषय वेगळा आहे, पण बेडशी जोडलेला आहे म्हणून दोन वाक्यांत सांगतो. या वर्गातल्या पुष्कळ ट्रकना एकूण वजनाची, म्हणजे ट्रक आणि त्यावरचा सगळा भार धरून, मर्यादा १०,००० पाउंडला बांधलेली असते, आणि डिझेल इंजिन जड, त्यामुळे तेवढं वजन तुमच्या सामानातून वजा होतं. आम्ही बघितलेल्या पेट्रोलवाल्याचा स्टिकर तीन हजारांच्या थोडा वर होता आणि त्याच रांगेतल्या डिझेलवाल्याचा सव्वादोन हजार, वर दहाएक हजार डॉलर जास्त. आम्हाला रॉकीजमध्ये दर महिन्याला चढायचं नाहीये, पेट्रोल घेतलं.

आता तीन हजार पाउंड उचलता येतात म्हटल्यावर आमच्या डोक्यात फिफ्थ व्हील आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅम्पर दोन पद्धतीने ओढतात. एक ट्रॅव्हल ट्रेलर, जो बंपरखालच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे चौकोनी खोबणीत, बॉल लावून ओढतात. दुसरा फिफ्थ व्हील, ज्याचा पुढचा भाग उंच असतो आणि तो ट्रकच्या बेडवर येतो, बेडमध्ये मागच्या चाकांच्या अॅक्सलच्या वर एक मोठं हिच बसवलेलं असतं त्यात कॅम्परची पिन अडकते, कंटेनर ट्रकसारखं. वजन अॅक्सलच्या वरच येतं म्हणून तो चालायला खूप स्थिर, वाऱ्यात डोलत नाही, आत छत उंच, जागा भरपूर. कॅम्परच्या प्रदर्शनात आत शिरलो तर बायको म्हणाली हाच घेऊ.

बेडच्या लांबीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. ट्रॅव्हल ट्रेलर बंपरच्या मागेच राहतो, त्याला बेड साडेपाच आहे का आठ आहे याच्याशी वळताना काहीच देणंघेणं नसतं. पण फिफ्थ व्हील वळताना त्याचा पुढचा कोपरा कॅबच्या मागच्या काचेकडे फिरतो. कॅम्परची रुंदी ८ ते साडेआठ फूट असते, साडेआठ म्हणजे १०२ इंच, म्हणजे पिनपासून बाजूपर्यंत ५१ इंच. शॉर्ट बेडमध्ये कॅबच्या मागच्या बाजूपासून अॅक्सलपर्यंत अंतर असतं साधारण ४० इंच, लाँग बेडमध्ये ५६. ट्रक आणि कॅम्पर काटकोनात आले, जसे ते रिव्हर्स घेऊन साइटमध्ये घालताना येतातच, तर ५१ इंचाला ५६ मध्ये जागा आहे आणि ४० मध्ये नाही. काच फुटते आणि कॅबचा पत्रापण चेपतो, आणि हे होतं तेव्हा वेग ताशी दोन-तीन मैल असतो, सगळं लक्ष मागच्या आरशात असतं.

बाबांना हे तोंडी पटलं नाही, म्हणून आम्ही ड्राइव्हवेवर खडूने ट्रकचा आराखडा काढला. कॅबची मागची रेघ, बेडच्या दोन बाजू, अॅक्सलची रेघ. अॅक्सलवर लेकीने खिळा धरला, त्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला खडू आणि कॅम्परचा कोपरा कसा फिरतो तो गोल काढला. शॉर्ट बेडच्या आराखड्यात गोल कॅबच्या आत चांगला वीतभर शिरला, लाँगमध्ये रेघेच्या अलीकडून निघून गेला. त्यात आणखी एक बारीक गोष्ट बाबांच्या लक्षात आली, की पिन कॅम्परच्या अगदी पुढच्या कडेला नसते, थोडी मागे असते, त्यामुळे कोपऱ्याचं अंतर ५१ पेक्षाही दोन-चार इंच जास्त भरतं आणि सगळ्यात जवळ तो पूर्ण काटकोनात येत नाही, त्याच्या थोडं आधीच येतो. म्हणजे लाँग बेडमधली जागापण दिसते तेवढी सैल नाही. एसटीच्या बसचा मागचा भाग वळताना किती बाहेर येतो हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय, मला हे कागदावर कळायला वेळ लागला असता.

शॉर्ट बेडवर फिफ्थ व्हील ओढताच येत नाही असं मात्र नाही. हजारो लोक ओढतात. त्यासाठी सरकणारं हिच मिळतं, हळू वळायच्या आधी उतरून खटका ओढून पिन दहा-बारा इंच मागे सरकवायची, किंवा त्याचं ऑटोमॅटिक रूप असतं, पुलराइट कंपनीचं सुपरग्लाइड नाव बऱ्याच जणांकडून ऐकलं, ते वळताना आपोआप मागे सरकतं. काही कॅम्परचे पुढचे कोपरे हल्ली मुद्दाम कापलेले, गोल केलेले असतात. तिसरा उपाय म्हणजे पिनचा खोकाच असा बसवतात की फिरायचा बिंदू मागे जातो. पण सरकणारं हिच जड असतं, आम्ही बघितलेलं दोन-अडीचशे पाउंडांचं, तेही त्या पिवळ्या स्टिकरमधूनच वजा. आणि फिफ्थ व्हीलचा पिनवरचा भार १५ ते २५ टक्के येतो. नऊ हजार पाउंडचा कॅम्पर धरला, २० टक्क्यांनी १,८००, अधिक माणसं ७०५, अधिक हिच २५०, झाले २,७५५, आणि अजून बेडमध्ये एक सायकल ठेवलेली नाही. ठेवणार कुठे हाही प्रश्न, कारण बेडचा मधला सगळा भाग हिचने खाल्लेला असतो. म्हणून माझं स्पष्ट मत झालंय की फिफ्थ व्हील नक्की घ्यायचं असेल आणि ट्रक त्याच कामाला असेल तर आठ फुटीच घ्यावा, हिच साधं, हलकं आणि स्वस्त येतं आणि रिव्हर्स घेताना जीव टांगणीला लागत नाही.

आमच्याकडे फिफ्थ व्हीलचा निकाल आईने लावला. प्रदर्शनात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती आत गेली आणि बेडरूमकडे जायच्या पायऱ्या बघून थांबली. फिफ्थ व्हीलमध्ये बेडरूम त्या उंच भागात असते, म्हणजे ट्रकच्या बेडवर येतो तिथे, आतून दोन-तीन पायऱ्या चढून जायचं, आणि बहुतेक मॉडेलमध्ये बाथरूमपण वरच. ती म्हणाली, "मला रात्री दोनदा उठावं लागतं, अंधारात या पायऱ्या नको रे बाबा." तिचे गुडघे मला माहितीयेत. विषय संपला. ट्रॅव्हल ट्रेलर एका पातळीत असतो, दारातून आत आलं की सगळं सपाट, तोच घ्यायचा ठरला, २९ फुटी, मागे लेकीसाठी बंक आणि मध्ये स्लाइड आउट, म्हणजे उभा केल्यावर बाहेर सरकवायचा खोलीचा भाग.

ट्रॅव्हल ट्रेलर ठरल्यामुळे वळण्याचा मुद्दा गेला आणि मग पावणेसात का आठ हे ट्रकच्या रोजच्या जगण्यावरून ठरवायचं राहिलं. एफ-२५० क्रू कॅब पावणेसातवाला २५० इंच लांब, आठवाला २६६. गॅरेजमध्ये दोन्ही जात नाहीत, तेव्हा ट्रक बाहेरच राहणार हे बायकोने मान्य केलं, पण मग आमच्या ड्राइव्हवेवर तो फूटपाथवर न येता मावला पाहिजे, आणि तिची गाडी त्याच्यामागे अडकायला नको. पावणेसातवाला मावतो. आठवाला मावतो पण बॉल माउंट, म्हणजे मागे बॉल बसवायचा दांडा, फूटपाथवर येतो आणि आमच्या सबडिव्हिजनच्या असोसिएशनचं पत्र यायला तेवढं पुरे. (कॅम्पर तर ड्राइव्हवेवर ठेवूच देत नाहीत, तो स्टोरेज लॉटवर भाड्याने ठेवलाय, हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.) दुकानांच्या पार्किंगचे आखलेले चौकोन साधारण १८ फुटांचे असतात, २१६ इंच, म्हणजे सगळेच ट्रक बाहेर येतात, प्रश्न तीन फूट का चार फूट एवढाच. बायकोने दोन्ही चालवून बघितले, रिव्हर्सपण घेतले, आणि सांगितलं की पावणेसातवाला मी रोज नेऊ शकते, आठवाला नेणार नाही. गाडी घरातल्या दोघांना चालवता येणं हे मला कुठल्याही इंचापेक्षा मोठं वाटतं, प्रवासात एकाला बरं नसेल तर दुसऱ्याने सगळं घरी आणायचं असतं.

मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचा मुद्दापण मी मध्ये काढला होता. तिथला गोइंग-टू-द-सन रोड, अॅव्हेलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे, बंपर धरून. २१ फूट म्हणजे २५२ इंच. पावणेसातवाला बॉल माउंट काढला तर दोन इंचांनी आत, आठवाला बाहेर. मला वाटलं काय छान मुद्दा सापडला, पण त्याच नियमात रुंदीची अटपण आहे, आरशांसकट ८ फूट, आणि टोइंगचे मोठे आरसे लावलेला हा वर्गच त्यापेक्षा रुंद भरतो. म्हणजे तिकडे गेलो की ट्रक कॅम्पजवळ ठेवून पार्कातल्या त्या जुन्या लाल बसमधूनच आई-बाबांना न्यायचं, आणि मला वाटतं त्यांना ते जास्त आवडेल, त्यांचा टप उघडता येतो.

बेडमध्ये काय ठेवणार याची यादी केली तेव्हा लक्षात आलं की आम्हाला आठ फूट भरायला सामानच नाहीये. मोठ्या माणसाची सायकल पुढचं चाक न काढता साधारण ६८ ते ७० इंच भरते, म्हणजे साडेपाच फुटी बेडमध्ये, जो ६७ इंचाचा असतो, टेलगेट, म्हणजे मागची फळी, बंद करून सरळ राहत नाही, तिरकी ठेवावी लागते. ८२ इंचात आरामात राहते आणि वर जनरेटरला जागा उरते. शेकोटीची लाकडं घरून न्यायची नसतात. एमराल्ड अॅश बोररची कीड अमेरिकेत पहिल्यांदा २००२ मध्ये इथेच डेट्रॉईटजवळ सापडली, त्या किड्याने अॅशची झाडं कोट्यवधींनी मारली, आणि तो लांबवर पसरला तो बराचसा लोकांनी नेलेल्या जळाऊ लाकडांतून, त्यामुळे जिथे जाल तिथेच विकत घेऊन तिथेच जाळा, हे कळकळीने सांगतो. म्हणजे तेवढी बेडमधली जागापण वाचते.

आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती, लॉटवर बाबांनी टेलगेट खाली पाडून दाखवली. ट्रॅव्हल ट्रेलर जोडलेला असताना त्याचं पुढचं टोक वर-खाली करायचा इलेक्ट्रिक जॅक नेमका टेलगेटच्या वाटेत येतो, टेलगेट पूर्ण पडतच नाही, जोरात पाडली तर जॅकच्या डोक्यावर आपटते. म्हणजे रेस्ट एरियात थांबून काही काढायचं तर बाजूनेच हात घालायचा. आता पावणेसात फुटी बेडमध्ये बाजूच्या पायरीवर चढलं की जवळपास सगळं हाताला येतं, आठ फुटीत मधलं सामान काढायला आत उतरावं लागतं. बाबा म्हणाले, "हौदा एवढा लांब घेऊन पुढे सरकलेली पिशवी काढायला कोण उतरणार, तू का मी?" शेवटी आम्ही हिचचा रिसीव्हरमध्ये जाणारा दांडा, शँक म्हणतात तो, थोडा लांब घेतला म्हणजे अंतर वाढलं, टेलगेट आता जॅकला घासून न जाता पडते, पण शँक लांब केला की हिचची वजन पेलायची क्षमता कमी होऊ शकते, ती त्याच्या कागदावर बघूनच घ्यायची, आणि बॉल मागे गेल्यामुळे वाऱ्यात ट्रेलरचा ट्रकवरचा जोरपण थोडा वाढतो. जमत असेल तर जॅकच बुटका लावणं जास्त बरं.

व्हीलबेसचं म्हणाल तर पावणेसातवाल्याचा १६० इंच, आठवाल्याचा १७६. ठोकताळ्याने १६० इंच साडेबत्तीस फुटांच्या ट्रेलरला पुरतो, आमचा २९ आहे. याचा अनुभव मॅकिनॉ ब्रिजवर आला. पाच मैलांचा पूल, खाली सामुद्रधुनी, आतल्या लेनमध्ये तर लोखंडी जाळीच आहे, खालचं पाणी दिसतं. वारा ३५ मैलांच्या वर गेला की ट्रेलरवाल्यांना एस्कॉर्टबरोबर सोडतात, खूपच वाढला तर पूल बंद करतात. आम्ही गेलो तेव्हा वाऱ्याचा इशारा लागलेला होता, २० च्या स्पीडने बाहेरच्या लेनमधून गेलो, ट्रेलरला धक्के जाणवत होते पण ट्रकची शेपूट हलली नाही, मागे आई अथर्वशीर्ष म्हणत होती आणि लेक पाणी बघत होती.

निघायच्या आधी आम्ही एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे मोठ्या ट्रकच्या वजनकाट्यावर, वजन करून घेतलं, पंधराएक डॉलर लागतात आणि माझ्या मते हे सगळ्यांनी करावंच. सगळी माणसं बसवून, सगळं सामान भरून, आधी ट्रेलर जोडून वजन करायचं, मग हिचचे वजन पुढे विभागणारे स्प्रिंग बार सोडून, मग नुसत्या ट्रकचं. त्यातून हिचवरचा खरा भार निघतो. आमचा ट्रेलर निघाला ६,९०० आणि हिचवर ९६०, म्हणजे जवळजवळ १४ टक्के, ब्रोशरमधल्या आकड्यापेक्षा खूप जास्त, कारण ब्रोशरमधला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो आणि गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी हे सगळं पुढेच असतं. वर आईने कुकर, पोळपाट, तांदळाची पिशवी, कणकेचा डबा असं स्वयंपाकघरच पुढच्या कप्प्यात भरलं होतं. ते तसंच राहू दिलं, कारण पुढे थोडं जास्त असणं मागे जास्त असण्यापेक्षा कधीही चांगलं, आणि ट्रकला अजून हजारएक पाउंड उचलायची जागा शिल्लक होती. हाफ-टन घेतला असता तर बेड साडेपाच असो नाहीतर साडेसहा, त्या दिवशी वजनकाट्यावरून उतरून कोणाला तरी घरी ठेवायला लागलं असतं.

परवाच मंडळातला एक मित्र येऊन ट्रक बघून गेला. तो आणि त्याची बायको दोघंच, मुलं कॉलेजला गेली, घराला मागे मोठी जागा आहे, आणि त्यांना निवृत्तीनंतर सहा-सहा महिने फिफ्थ व्हीलमध्ये राहायचंय. त्याला मी आमच्यासारखा ट्रक घेऊ नको म्हणालो, आठ फुटी बेड घे, एक टन वर्गातला बघ, आणि त्याआधी आवडलेल्या कॅम्परची रुंदी आणि पिन पुढच्या कडेपासून किती मागे आहे ते मोजून आण. रविवारी तो आकडे घेऊन येणार आहे, खडू आणि सुतळी आमच्याकडे आहेच.